पुढची जोडी

गाढवलोटाची चढण आली की गाडीतली माणसं खाली उतरायची आणि राही खैराच्या दोन पाचरी घेऊन गाडीमागं चालायची. गाडी अडखळलीच, तर मागच्या चाकाखाली पाचर सारायची, हे तिचं काम. इतक्या खेपांत ती वेळ एकदाही आली नव्हती. त्या चैत्रात आली.

अर्ध्या चढणीवर गाडीचा आवाज बदलला. गुरगुरणारं जनावर एकाएकी किंचाळावं तसा. मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली आणि मुरूम उडून राहीच्या नडग्यांवर बसला. तिनं वाकून गाडीच्या पोटाखालून पुढं पाहिलं. पुढची चाकं फिरत नव्हती. लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखी नुसती उभी होती.

"अवो, पुढची लावा! पुढची!" ती ओरडली.

गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, बन्सीनं, पुढची लावली नाहीत. गाडी मागं यायला लागली.

डाव्या अंगाला दरी होती. राहीनं दरीकडच्या चाकाखाली पहिली पाचर सारली, ती काडीसारखी मोडली. दुसरी सारली आणि डोंगराच्या अंगाला उडी घेतली. बन्सीनं स्टिअरिंग वळवून गाडीची मागची बाजू दरडीत घातली. कड्कन आवाज झाला, मिठाची दोन पोती फुटली, आणि गाडी थांबली. दरीकडचं चाक रस्त्याच्या कडेपासून हातभर आत होतं. राहीनं ते अंतर नंतर आपल्या हातानं मोजलं. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, त्याहून दोन बोटं कमी.

खाली वळणावर बनुबाई राहीच्या तान्ह्या ठकीला कडेवर घेऊन उभी होती. ही वरच्या वाडीची म्हातारी, दर खेपेला गाडीनं यायची नि चढणीला पोरगी सांभाळायची. ती वर आली, चाकाकडं पाहिलं, दरीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "बन्सीबा, घसरायलाच आनलीस व्हय गाडी? घसरायला आमचं गाढव काय वाईट हुतं?"

कुणी हसलं नाही. राही पाठीवर पडून गाडीखाली शिरली होती.

ही गाडी म्हणजे दीड वर्षामागच्या दिवाळीत नगरच्या लष्करी लिलावातून आणलेली जुनी डॉज. आणली तेव्हा तिच्या छपराच्या ताडपत्रीत साळुंकीचं घरटं होतं आणि राजूरचा अर्धा बाजार तिला हसून गेला होता. बन्सीनं आणि राहीनं ती परसात सहा महिने उभी-आडवी खोलली. एकेक नट रॉकेलमध्ये धुतला. सुताराकडून मागं मालासाठी बाभळीचा साटा करून घेतला, बैलगाडीला असतो तसाच पण दुप्पट जाड. दगडधोंडा लागू नये म्हणून पेट्रोलच्या टाकीखाली जाड पत्रा ठोकला. चिखल खाऊ नये म्हणून चाकांवरचे मडगार्ड वर उचलले. तेव्हा ठकी पोटात होती. राही वाकू शकत नसे, तर पाटावर बसून पाने हातात द्यायची, आणि देता देता तिला कळत गेलं की कुठला दांडा कुठल्या चाकाला फिरवतो. शेवटी बन्सीनं छपराच्या कमानीला एक कडी वेल्ड करून घेतली, ठकीच्या झोळीसाठी. मोठ्या मोठ्या गाड्यांना हॉर्न असतो, घुंगरं असतात. झोळीची कडी असलेली गाडी त्या मुलखात एकच होती.

आणि आता त्या गाडीच्या पोटात, इंजिनाकडून पुढच्या चाकांकडं जाणारा मनगटाएवढा शाफ्ट जिथं असायला हवा, तिथं नुसतं मोकळं आभाळ दिसत होतं. म्हणजे आभाळ नव्हे, डोंगर दिसत होता. दोन्ही टोकांच्या बोल्टांच्या भोकांना ग्रीस लावून फडकी बांधली होती. नीट, घट्ट, दुहेरी गाठीनं.

ती गाठ राहीनं ओळखली. तशी गाठ घरात एकच माणूस मारायचा.

ती बाहेर आली. केसांत मुरूम, कपाळाला ग्रीस. बन्सी अजून सीटवरच बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"फडकी कुनी बांधली?"

बन्सीनं ओढलेला हँडब्रेक उगाच पुन्हा ओढला.

"मी मागं हुते," राही म्हणाली. आणखी बरंच म्हणायचं होतं, पण वाडीची माणसं भोवती उभी होती. नवऱ्याला चारचौघांत बोलायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. आईला ही चढण माहीत नव्हती.

वरच्या माणसांनी मिठाची आणि ज्वारीची पोती डोक्यावर घेतली, जशी गाडी यायच्या आधी त्यांनी नि त्यांच्या बापजाद्यांनी घेतली होती. गाडी उलट्या पावली खाली आणली. राहीचं माहेर त्याच डोंगरापलीकडं होतं. ठकीला घेऊन ती पहिल्यांदाच तिकडं निघाली होती. ते तिथंच राहिलं.

घरी आल्यावर ठकी दुधासाठी रडत होती. राहीनं तिला लगेच घेतलं नाही. रागातलं दूध लेकराला बाधतं असं म्हणतात. तिनं परसात जाऊन पहिली धार मातीत सोडली, मग आणखी थोडी, आणि मगच पोरीला पदराखाली घेतलं. ठकीनं एका हातानं तिचं मंगळसूत्र धरलं आणि डोळे मिटून प्यायला लागली. तिच्या टाळूवरचं जावळ घामानं ओलं झालं होतं. नऊ महिन्यांच्या पोरीच्या टाळूखाली जीव कसा लुकलुकत असतो, ते बघत राही बसली, आणि हातभर, त्याहून दोन बोटं कमी, हे तिच्या डोक्यातून जाईना.

दिवेलागणीला कारभारी जेवायला बसला. कारभारी म्हणजे बन्सीचा थोरला भाऊ. गाडीचे कागद त्याच्या नावावर होते. गाडीसाठी हात त्याचे कधी काळे झाले नव्हते, पण थोरला असताना धाकट्याच्या नावावर त्या घरात कुत्रंसुद्धा नव्हतं. लिलावाच्या दिवशी सही करायची वेळ आली तेव्हा बन्सीनं आपण होऊन सांगितलं होतं, "दादांचं नाव घाला." राही तेव्हा खूश झाली होती. नवरा मान राखणारा आहे म्हणून.

लग्न होऊन चार वर्षं झाली, पण राही थोरल्या दिरासमोर एक शब्द बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती. काही सांगायचं झालं तर पदर पुढं ओढून, दाराआड उभं राहून, लेकराला मध्ये घालून सांगायचं. लेकरू नसेल तर मांजराला सांगायचं.

"ठके," राही दाराआडून म्हणाली, "इचार तुझ्या चुलत्याला, गाडीचा पुढचा शाफ्ट कुठं हाय?"

ठकीनं थुंकीचा फुगा केला.

कारभारी भाकरी मोडत हसला. तो मनात आलं तर फार गोड हसायचा. "ठकूबाई, आईला सांग, मागची चाकं ओढत्यात, मग पुढच्यांना कशाला वैरन घालायची? लई पेट्रोल पितं ते. एका जोडीनं नांगर चालतो तर दुसरी जोडी कोन जुंपतो?"

"ठके, सांग. घाट लागला की समदेच दुसरी जोडी जुंपत्यात. आन् ती पुढं जुंपत्यात."

कारभारीचा घास हातात राहिला. मग तो बन्सीकडं वळला. "बन्सी, बायकोला मेकॅनिक केलीस व्हय रं? उद्या तिलाच बसव गाडीवर, तू भाकरी थाप."

बन्सी ताटातल्या आमटीकडं बघत होता. आमटीत त्याला काय दिसत होतं कोण जाणे. राहीला वाटलं, आत जावं आणि ते ताट उचलून न्यावं.

"एवढं काय त्या दांडक्याचं!" छबूबाई, कारभारीची बायको, वाढता वाढता बोलून गेली. "पडून ऱ्हान्यापरीस माझ्या भावाच्या, छगनच्या गुऱ्हाळाला लागला..." कारभारीनं नुसतं पाहिलं आणि तिची पळी आमटीत बुडाली ती वर आलीच नाही.

"परवाच्याला गाडी वर जाईल," कारभारी म्हणाला. "रानातला बाळहिरडा खाली आनायचाय. जाताना रिकामी, जोर घेऊन चढवायची. मागच्या चाकांवर वजन यायला बारा हमाल बसूनच ऱ्हात्याल. अन् ठकूबाई, तुझ्या आईला सांग, बायकांनी गाडीखाली डोकं घालू नये. बरं दिसत न्हाई."

बन्सी हात धुवायला परसात आला तेव्हा राही तिथं उभी होती.

"बोल्ट तुमी खोलले. सोताच्या हातानं."

"दादा म्हनले. ऐकावं लागतं."

"मला सांगावं वाटलं न्हाई?"

"तू भांडली असतीस."

"मी मागं पाचरी घेऊन चालत हुते, तवा तुमाला ठाव हुतं."

"मला वाटलं, चढंल." तो म्हणाला. "जोर घेतला की चढंल वाटलं, राहे."

खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. हा माणूस वाईट नव्हता. ठकीची झोळी कमानीला टांगून तो वळणं अशी घ्यायचा की पोरगी जागी होत नसे. आणि ह्याच माणसानं त्याच हातांनी फडकी बांधली, दुहेरी गाठ मारली, आणि वर गप्प बसला. राहीला आपल्या दिराचा इतका राग येत नव्हता. दीर तसाच होता, दगड दगडासारखा असतो. तिला राग येत होता तो ह्या चांगल्या माणसाच्या गप्प बसण्याचा.

"परवा बारा माणसं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस. टी.नं ती निघाली. सासूला सांगितलं, माहेरी जाते. झोळीत ठकीची लंगोटी, दोन भाकरी, आणि फडक्यात गुंडाळलेले दोन पाने. अकोले गेलं, संगमनेरला गाडी बदलली, आणि उन्हं चढता चढता डोंगर मागं पडून सपाट ऊसच ऊस लागला. ठकीनं एवढं हिरवं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीला नाक लावून ती हात हलवत होती. "बघ बाई बघ," राही तिच्या कानात म्हणाली, "हितं चढनच न्हाई. हितल्या लोकांना काय ठाव."

देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात छगनचं गुऱ्हाळ शोधायला वेळ लागला नाही. वाफेचा गोड वास नाकाला ओढत होता. इंजिन धडधडत होतं. आणि इंजिन नि चरक ह्यांच्या मधोमध, भर उन्हात, चकचकत, गोल गोल फिरत होता तो शाफ्ट. शेवाळी रंगाचा एक पट्टा अजून त्याच्यावर होता. राहीनं तो रंग आपल्या हातानं खरवडायला घेतला होता आणि ठकीच्या कळा सुरू झाल्या म्हणून तेवढाच राहिला होता.

"अय्या, ताई! तुमी हिकडं कशा? बसा, रस घ्या," छगन धावत आला. पोरगेलासा, मिशी नुकती राखलेली.

"रस नको. इंजिन बंद कर, छगनभाऊ."

"का वो?"

"तो दांडा आमचा हाय. न्यायला आले."

छगन हसला, मग राहीचं तोंड बघून हसायचा थांबला. "दाजींनी दिलाय तो. भंगारातला म्हनले."

"तुझ्या दाजींच्या भंगारामागं काल मी हुते. खाली वळनावर माझी पोरगी हुती." आणि तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी हात पुढं करून, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. सांगताना आवाज चढला. चुलवाणाजवळचा गुळव्या ढवळायचा थांबून बघायला लागला.

"पर ताई, आज घाना चालू हाय. दाजींना इचारल्याबिगर..."

"इचार. मी बसते."

तिनं ठकीची झोळी गुऱ्हाळाच्या मेढीला टांगली आणि इंजिनाशेजारी मांडी घातली. काहिलीत रस उकळत होता. तो अर्ध्यात थांबवला तर पाक बिघडतो, हे तिला न सांगता कळत होतं, आणि दुसऱ्याची चूल रागाच्या भरात विझवणारी ती बाई नव्हती. काहील उतरेपर्यंत ती बसून राहिली. उन्हात, रस न घेता. कुणी पाणी आणलं तर ठकीला पाजलं, स्वतः घेतलं नाही. गुळव्यानं दोनदा छगनकडं पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "मालक, ही बाई हितं बसली तर माझा गूळ बसायचा न्हाई. देऊन टाका."

काहील उतरली. इंजिन बंद झालं. राहीनं पाने काढले. पहिला बोल्ट तिनं खोलला. दुसऱ्याला छगन आला, गाल फुगवून, पण आला. "मला काय ठाव, ताई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मला दाजी म्हनले भंगार." शेवटी शाफ्ट खांद्यावर घेऊन स्टँडवर पोचवायलाही तोच आला. गुळाची ढेप देऊ लागला. राहीनं घेतली नाही. मग ठकीच्या मुठीत त्यानं एक खडा दिला, तो मात्र तिनं राहू दिला. पोरीचा काय गुन्हा.

"बाई, हे काय आनलं? तोफ?" कंडक्टर म्हणाला.

"व्हय. घरी डागायचीय."

दिव्याच्या वेळेला ती राजूरला उतरली. शाफ्ट तिनं घरात नेला नाही. गाडीखालीच सारला, वर तरट टाकलं. बन्सीनं विचारलं, "माहेरी बरं हाय?" ती म्हणाली, "बोलू नका माझ्याशी."

सकाळी अंगणात गाडी उभी होती. हमाल जमले होते. बनुबाई पण वरून उतरून आली होती. तिच्याबरोबर वाडीची चार माणसं. कारभारी पांढरी टोपी घालून गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभा होता, लग्नाच्या घोड्याला धरावं तसा.

राही घरातून आली. डोक्यावर पदर होता. तिनं वाकून तरट ओढलं, शाफ्ट बाहेर काढला आणि कारभारीच्या पायांसमोर टाकला. खणकन आवाज झाला, ठकी दचकून रडली.

कारभारीचा चेहरा बदलला, पण आवाज गोडच राहिला. "ठकूबाई, तुझ्या आईला म्हनावं..."

"ठकीला काय सांगता, भावजी? मी हितं उभी हाय."

छबूबाई दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली. राहीलाही आपला आवाज नवखा वाटला. पण एकदा सुटला तो सुटला.

"गाडी तुमच्या नावावर हाय न्हवं? असू द्या. मग मालकानं मालकाचं काम करायचं. आज गाढवलोटावर मी पाचरी घेऊन चालनार न्हाई. गाडीमागं तुमी चालायचं. आता हा दांडा बसवायचा का न्हाई, ते तुमीच सांगा. माझं काय म्हननं न्हाई."

कुणीतरी हमाल खोकला. बनुबाई म्हणाली, "बराबर हाय की. ज्याची गाडी, त्याची पाचर." आणि वाडीची माणसं कारभारीच्या तोंडाकडं बघत राहिली. बसव म्हणावं, तर बाईमाणसाचं ऐकलं असं होतं. नको म्हणावं, तर त्या चढणीवर त्या गाडीमागं चालायचं होतं. कारभारीनं टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

तेवढ्यात बन्सी पाठीवर पडला आणि गाडीखाली गेला.

"बन्सी, ऊठ," कारभारी म्हणाला. "मी काय बोललोय का अजून?"

गाडीखालून बन्सीचा हात बाहेर आला, ग्रीसनं काळा, उघडा. "राहे, मोठा पाना दे."

राहीनं दिला. हातात ठेवला नाही. हाताशेजारी जमिनीवर ठेवला.

गाढवलोट आला तेव्हा माणसं उतरली. राही उतरली नाही. ती पुढं बन्सीशेजारी बसली होती आणि ठकी कमानीच्या कडीला झोळीत झोपली होती. आरशात कारभारी दिसत होता: दोन्ही हातांत नव्या पाचरी, धोतर वर खोचलेलं, टोपी घामानं कपाळाला चिकटलेली.

बन्सीनं पुढची चाकं लावायचा गिअर ओढला. गाडी एकदा दबली, मग पुढच्या चाकांनी मुरूम धरला. राहीला ते पायाखाली कळलं, जसं पोटात पोरगी फिरलेली कळायची. गाडी न ओरडता चढू लागली. परवाच्या जागेवर दरडीला पडलेली खाच तशीच होती. खाली फुटल्या मिठाचा पांढरा डाग होता. गाडी त्याच्यावरून गेली. आरशातला कारभारी लहान लहान होत गेला.

"दादा लई मागं राह्यले," बन्सी म्हणाला. काल रात्रीपासून तिनं ज्याला उत्तर दिलं असं त्याचं हे पहिलं वाक्य. "थांबू का?"

"चढनीवर थांबत नसत्यात," राही म्हणाली. "वर जाऊन थांबा."

वर सपाटीला जांभळीच्या सावलीत गाडी थांबली. पलीकडच्या उतारावर तिच्या माहेरची कौलं दिसत होती. बन्सी उतरला, गाडीच्या पुढं जाऊन उगाच एका चाकावर हात फिरवत उभा राहिला. तिच्याकडं बघायचा धीर त्याला झाला नाही. बरंच झालं.

ठकी जागी झाली आणि दुधासाठी चुळबुळू लागली. राहीनं तिला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीतून कालचा विरघळत आलेला गुळाचा चिकट थर पुसला, टाळूवरून बोट फिरवलं.

मग तिनं सीटवरून बाहेर झुकून पहिली धार मातीत सोडली. थोडी नाही, बरीच.